इटलीच्या सायकलचं सामान

पनवेलजवळच्या नेरे गावातल्या आमच्या घरात किमती म्हणाव्यात अशा तीनच वस्तू होत्या. एक टीव्ही, एक फ्रिज, ज्याचं दार सुतळीनं बांधून ठेवावं लागे, आणि पडवीत दोन खुंट्यांवर टांगलेली बाबांची सायकल. या तिघांत सायकलीचा मान सगळ्यात मोठा. टीव्हीच्या डोक्यावर आई बिनदिक्कत मिरच्या वाळत ठेवी, फ्रिजवर औषधं, किल्ल्या आणि लाइटची बिलं यांचा संसार मांडलेला असे, पण सायकलीवर कुणी ओला पंचासुद्धा टाकायचा नाही. मी एकदा शाळेचा युनिफॉर्म तिच्या हँडलला अडकवला, तर बाबांनी तो घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हिला मानूस समज." मी तेव्हा तोंडाळ होते, अजूनही आहे. मी म्हटलं, "मग हिला पन जेवायला वाढा." आई आतून हसली. बाबांनी खरंच तेलाची बुधली आणली, चेनवर चार थेंब सोडले आणि म्हणाले, "जेवली."

सायकल इटलीची. बाबा तरुणपणी बोटीवर फिटर होते, इंजिनरूममध्ये. तिथल्या कुठल्याशा बंदरात बोट दुरुस्तीला लागली आणि महिनाभर सगळ्यांना काही काम उरलं नाही, तेव्हा एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून त्यांनी ही वापरलेली सायकल घेतली. लांबच्या प्रवासाची सायकल. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, पुढे-मागे सामान बांधायच्या जाळ्या, आणि चढाला पाय हलके करणारे गिअर. आमच्याकडे तोपर्यंत गिअर फक्त ट्रकला असतात असा समज होता. ती इंजिनरूमच्या कोपऱ्यात दोरखंडानं बांधून मुंबईच्या गोदीपर्यंत आली आणि गोदीतून बाबा तिच्यावर बसूनच नेऱ्याला आले. गावात ती कायम 'बोटीची सायकल' म्हणूनच ओळखली गेली. पुढे बाबांनी बोट सोडली, पनवेलच्या बाजारात पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान टाकलं. रोजच्या जाण्यायेण्याला त्यांची साधी काळी सायकल होती. बोटीची सायकल खुंटीवरून उतरे ती लांबच्या वाटेसाठीच. गोवा तिनं पाहिला, कन्याकुमारी पाहिली. आणि दर चैत्रात एकवीरा.

बोटीवरून बाबांनी सायकलीबरोबर आणखी एक गोष्ट आणली होती, ती म्हणजे काम करायची पद्धत. इंजिनरूममध्ये इतका आवाज असतो की शेजारच्याचं बोलणं कळत नाही, म्हणून तिथं एकजण काम मोठ्यानं सांगतो, दुसरा तेच शब्द मोठ्यानं परत बोलतो, आणि मगच पान्याला हात लागतो. आमच्या घरात पाखरांच्या चिवचिवाटाखेरीज आवाज नव्हता, पण पद्धत तीच. नळाचा वायसर बदलायचा असला तरी बाबा ओरडणार, "वरचा नट, घड्याळासारखा!" आणि मी ओरडणार, "वरचा नट, घड्याळासारखा!" माझं चुकलं तर बाबा पाना जमिनीवर दोनदा आपटायचे आणि पहिल्यापासून सुरू. शेजारच्यांना वाटे आमच्याकडे भांडणं चाललीत. काढलेली प्रत्येक वस्तू आईच्या जुन्या लुगड्यावर ओळीनं मांडायची, काढली त्या क्रमानं, डावीकडून उजवीकडे. बाबांनी उभ्या जन्मात एक स्क्रू हरवला नव्हता आणि हे ते स्वतःच, विचारलं नसतानाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

आमच्या लोकांची देवी एकवीरा, कार्ल्याच्या डोंगरावरची. चैत्रातल्या जत्रेला सगळं गाव टेम्पो करून निघायचं. बेंजो, गुलाल, टोपल्यांतून कोंबड्या, बायकांची गाणी, आणि उलट्या होणारी लहान मुलं. यात बाबा कधीच नसत. ते आदल्या पहाटे सायकल काढत, पुढच्या जाळीत घरचा नारळ बांधत आणि जुन्या रस्त्यानं खोपोलीवरून घाट चढून जात. आम्ही टेम्पोतून उतरलो की पायथ्याशी ते अंघोळ करून, कपाळाला गुलाल लावून, चहा पीत बसलेले असत आणि दर वर्षी एकच वाक्य बोलत, "इतका उशीर?" तेवढं एक वाक्य बोलायला मिळावं म्हणून हा माणूस घाट चढतो, असं आई म्हणायची. पण टेम्पो पायथ्याशी पोचायच्या आधी गर्दीत त्यांना सगळ्यांत पहिली तीच शोधायची.

मी ज्या वर्षाचं सांगते आहे, त्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला सायकलीची फ्रेम तुटली. तुटली म्हणजे दोन तुकडे झाले नाहीत. सीटखालच्या नळीला, जिथं तीन नळ्या एकत्र येतात तिथं, केसासारखी चीर गेली. बाबांनी ती नखानं चाचपली, जिभेनं ओठ ओले केले आणि खाली बसले. मी म्हटलं, वेल्डिंग करा, तुमी तर बोटीच्या बोटी जोडल्यात. ते म्हणाले, "पातल नली हाय गो. जोडली तर घाटात उतारावर सुटंल." आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "बरा झाला. देवीनंच सांगितला, आता टेम्पोत बसा." एरवी बाबा उलट काहीतरी बोलले असते. त्या दिवशी ते नुसते खुंटीखाली बसून राहिले आणि तुटकी सायकल परत टांगली तेव्हा तिला नेहमीचे चार थेंब तेल द्यायलाही विसरले.

मला त्यांचं ते बसणं बघवलं नाही. मी तेव्हा नुकतीच द्रोणागिरीला एका गोदामात नोकरीला लागले होते, कंटेनरमधून उतरणाऱ्या खोक्यांची मोजदाद करायला. बावीस वर्षांची, गळ्यात ओळखपत्र, हातात स्वतःचा मोबाइल. जग आपल्याला विचारून चालतं असं वाटायचं ते वय. मी ठरवलं की बाबांना नवी फ्रेम घेऊन द्यायची. एके दिवशी ते दुकानात गेले असताना जुन्या फ्रेमची मापं मी सुतळीनं घेतली, प्रत्येक मापाला एक गाठ मारली आणि ती गाठींची सुतळी घेऊन पुण्याला गेले. तिथला सायकलवाला आधी हसला, मग माझं तोंड बघून गंभीर झाला. त्यानं सुतळी टेबलावर पसरली, प्रत्येक गाठीपाशी टेप लावली आणि पोलादाची एक निळी फ्रेम काढून दिली. बाकी सगळं सामान जुनंच बसेल, म्हणाला, पेडलचा मधला एक्सल तेवढा नवा घ्या. मी घेतला. ती फ्रेम घेऊन पनवेलच्या एसटीत चढले तेव्हा कंडक्टर म्हणाला, "ताई, चाकं कुठं सोडून आलात?" सगळी गाडी हसली. मी पण हसले आणि पनवेल स्टँड येईपर्यंत त्या निळ्या नळ्या मांडीवर घेऊन बसले. इतक्या आनंदात मी माझ्या लग्नातही नव्हते. हे माझ्या नवऱ्याला ठाऊक आहे, त्यामुळे लिहायला हरकत नाही.

बाबांनी फ्रेम हातात घेतली, वजन बघितलं, टिचकी मारून आवाज ऐकला. "निली कशाला?" एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवून पडवीच्या टोकाला गेले. तिथं उभे राहून त्यांनी डोळे पुसले, आणि मी बघितलं नाही असं दाखवायला मी चपला काढत बसले. आई मात्र दारातून हलली नाही. तिनं फ्रेमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुला कोनी सांगितला होता?" बस. त्या दिवशी तिनं तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण केलं होतं, माझ्या आवडीचं, पण ताट पुढ्यात सरकवून ती लगेच चुलीकडे वळली. मला राग आला. पहिल्या कमाईतून मुलगी बापाला काही आणते तर आईचं तोंड का उतरावं? तिला हेवा वाटला, असं मी ठरवून टाकलं. साडी आणली असती तर गावभर दाखवत फिरली असती, असंही मनात म्हणाले. हे आज लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

सामान नव्या फ्रेमवर हलवायला आम्ही रविवार धरला, माझ्या सुट्टीचा. दिवस उन्हाळ्याकडे झुकले होते. पडवीत लुगडं अंथरलं. मागे डोंगराच्या बाजूनं कुठल्याशा फार्महाउसचं बांधकाम चाललं होतं, त्याचा ठोकाठोकीचा आवाज येत होता. मध्ये मध्ये आई कैरीचं पन्हं आणून ठेवायची आणि परत आत जायची. बाबांचा आवाज लागला होता. "पुढचा चाक, उजवा नट!" "पुढचा चाक, उजवा नट!" चाकं निघाली, ब्रेक निघाले, हँडलवरची जुनी कापडी पट्टी निघाली आणि तिच्याखाली बाबांच्या घामानं पांढरी पडलेली धातूची जागा दिसली. प्रत्येक वस्तूबरोबर एक गोष्ट होती. हा ब्रेक गोव्याच्या उतारावर तापून कसा धुरकटला होता, ही जाळी कन्याकुमारीच्या वाटेवर एका लोहारानं कशी फुकट वाकवून सरळ केली, ही घंटी मुळात सायकलची नाहीच, बोटीवरच्या आचाऱ्याची. या सगळ्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकलेल्या. पण त्या दिवशी लोहाराची गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली, अर्ध्या तासाच्या अंतरानं, त्याच शब्दांत. मला वाटलं, आनंदात आहेत.

मग पेडलं आली. ज्यानं कधी सायकलीला पाना लावलाय त्याला हे माहीत असतं, आणि ज्यानं लावला नाही त्याला सांगते. सगळे नट एकाच बाजूला फिरवले की सुटतात, घड्याळाच्या उलट. डावं पेडल तेवढं वेगळं. ते घड्याळासारखं फिरवलं की सुटतं. उलट फिरवलं तर आणखी घट्ट बसतं, आणि जोर लावलाच तर आटे जातात. मी आठ वर्षांची असताना बाबांनी हे माझ्याकडून पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं. उजवं पेडल निघालं. बाबा सरकून डाव्या बाजूला बसले, पाना लावला आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात ओरडले, "डावा पेडल, घड्याळाच्या उलटा!"

 वाटलं, परीक्षा घेतायत, लहानपणी घ्यायचे तशी. त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तिथं परीक्षा नव्हती. ते माझ्या बोलण्याची वाट बघत होते, दोन्ही हात पान्यावर, खांदे जोर लावायच्या तयारीत. बाहेर कुणाचा तरी कोंबडा ओरडत होता. मी घसा साफ केला आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, "डावा पेडल, घड्याळासारखा!" माझं त्यांच्यापेक्षा वेगळं पडलं होतं. आजवरच्या रिवाजाप्रमाणे पाना दोनदा आपटायला हवा होता. बाबा एक क्षण थांबले. मग "हां" म्हणाले आणि घड्याळासारखा जोर लावला. पेडल करकरलं आणि सुटलं. ते त्यांनी लुगड्यावर ओळीत ठेवलं, सरळ केलं, आणि पुढच्या नटाकडे वळले. त्यांना काही कळलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

संध्याकाळी बाबा मारुतीच्या देवळाकडे गेले तेव्हा मी आईपाशी जाऊन बसले. ती दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी माठाच्या जुड्या बांधत होती. दर पहाटे ती टमटमनं पनवेलला भाजी घेऊन जायची. मी म्हटलं, "आई, आज बाबा डावा पेडल चुकले." तिला सायकलीतलं काही कळत नव्हतं. तरी तिचे हात थांबले. "मना ठाऊक हाय," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. गेल्या चैत्रात आम्ही पायथ्याशी उतरलो तेव्हा बाबा तिथं नव्हते, हे मला आठवत होतं. दुपारी आले, पंक्चर झालं म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी त्यांना "इतका उशीर?" म्हणून चिडवलं होतं. पंक्चर झालंच नव्हतं. पंक्चरचा डबा आईनं स्वतः कागदात गुंडाळून दिला होता आणि तो तसाच गुंडाळलेला परत आला. ते कार्ल्याचा फाटा ओलांडून पार वडगावपर्यंत गेले होते. आपल्याच गावच्या एका ट्रकवाल्यानं त्यांना तिथं चहाच्या टपरीवर बघितलं. ते टपरीवाल्याला विचारत होते, इथून एकवीरेला कसं जायचं. वीस-बावीस वर्षं ज्या वाटेनं गेले ती वाट. "त्या ट्रकवाल्यानं मना येऊन सांगितला आनि मी त्याला देवीची शपथ घातली, कोनाला बोलू नको," आई म्हणाली. "तवापासून मी रोज नवस करतंय, ती सायकल मोडू दे. मोडली. मी देवीला नारल पन कबूल केला. आनि तू फ्रेम घेऊन आलीस."

 माझ्या गळ्यात ते ओळखपत्र तसंच होतं, सुट्टीच्या दिवशीही घालून मिरवायची मी. आई परत जुड्या बांधायला लागली. मान वर न करता म्हणाली, "एक काम कर. त्या सामानातला एखादा बारका तुकडा काढून ठेव. इथं मिलनार नाय असा. जत्रा होईपर्यंत. मंग सापडला म्हनून दे. काय बी न बोलता त्यांचा जाना राहील, आनि मना तोंडानं बोलावा लागनार नाय."

मला ते पटलं. पटलं कसलं, सुटल्यासारखं वाटलं. बाबांना समोर बसवून हे सांगायची वेळ ना तिच्यावर येणार होती ना माझ्यावर. आठवडाभर मी कामावर खोकी मोजताना मनात सायकलीचे तुकडे मोजत होते. सीटचा बोल्ट? तो ते दुकानात तासाभरात तयार करतील. घंटी? घंटीवाचून कुणाचं अडतं? शेवटी मला सापडलं. मागच्या गिअरमध्ये एक छोटं दातेरी चाक असतं, मोठ्या बटणाएवढं, त्याच्यावरून चेन फिरते. ते इटलीचंच हवं, दुसरं बसत नाही, असं बाबाच म्हणाले होते. शनिवारी मी गोदामातून आले तेव्हा बाबा अजून दुकानातून आले नव्हते. लुगड्यावर सगळं सामान ओळीनं मांडलेलं होतं, वरून पातळ धोतर पांघरलेलं. मी धोतर उचललं, चाक घेतलं, रुमालात बांधलं आणि आईच्या सुकटीच्या डब्यात तळाशी घातलं. हात धुतले. आई बघत होती. त्या दिवशी चहा मात्र दोघींनी एकत्र बसून घेतला.

दुसऱ्या दिवशी जोडणी. बाबा अंघोळ करून, स्वच्छ बनियन घालून बसले. निळी फ्रेम उलटी ठेवली. तिला आधी हळदकुंकू लावलं, कारण त्यांच्या मते नवीन हाडाला जुना जीव घालायचा तर विचारून घालावा. मग एकेक वस्तू जाऊ लागली. हँडल, ब्रेक, नवा एक्सल, पेडलं. डाव्या पेडलाच्या वेळी मी आधीच तोंड उघडलं होतं, पण या वेळी ते बरोबर बोलले. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच वाटलं, पेडल बरोबर सांगता येतं, तर मग आपण हे काय करून बसलोय? तोवर बाबांचा हात ओळीतल्या त्या जागेवर गेला होता.

जागा रिकामी होती. दोन्ही बाजूंच्या वस्तू आपापल्या जागी आणि मध्ये बटणाएवढी फट. बाबा त्या फटीकडे बघत राहिले. मग त्यांनी हात लुगड्याखाली घालून चाचपलं. लुगडं झटकलं, म्हणजे इतकी वर्षं कधीही न मोडलेली ती ओळ मोडली. उठून पडवीचा केर पाहिला, तुळशीपाशी पाहिलं, स्वतःचे खिसे उलटे केले. "काल होता," म्हणाले. मग, "होता ना?" मी मान हलवली, कुठल्या बाजूला ते मलाच ठाऊक नाही. ते गुडघ्यांवर बसले आणि पडवीची एकेक फरशी तळहातानं पुसत पुसत दाराकडे सरकू लागले. मी उभी होते. आई स्वयंपाकघराच्या दारात होती. आम्ही म्हणत होतो ना, काही न बोलता होऊन जाईल.

दारापाशी पोचल्यावर बाबा थांबले. गुडघ्यांवरच होते. त्यांनी वर माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, आजोबा गेले तेव्हाही नाही. अगदी हळू, घरातल्या तिसऱ्या माणसाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात ते म्हणाले, "वने, मना काय होतंय गो?"

मी तिथून पळाले ती सरळ सुकटीच्या डब्याकडे. आई मध्ये आली नाही. मी मूठभर सुकट जमिनीवर सांडली, रुमाल ओढून काढला, पडवीत आले आणि त्यांच्यासमोर बसून चाक त्यांच्या हातावर ठेवलं. "मी घेतला होता, बाबा. मी चोरला. तुमी जत्रेला जाऊ नये म्हनून." मला रडताना धड बोलताही येत नव्हतं. वाटलं आता थोबाडीत बसणार, बसावीच. बाबांनी चाक नाकाशी नेलं. "सुकटीचा वास येतो," म्हणाले. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "म्हंजे मी नाय हरवला?"

"नाय बाबा."

"मी ओलीत ठेवला होता?"

"ओलीतच होता. तुमचा काय चुकला नाय."

आणि बाबा हसले. इतके हसले की त्यांना ठसका लागला. ते उठले, चाक दोन बोटांत वर धरलं आणि घरभर ऐकू जाईल असं ओरडले, "ऐकलास काय गो! मी नाय हरवला! पोरगीनं चोरला! आपली पोरगी चोर हाय!" आई उंबऱ्यावर मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. बाबांना कळेना, इतक्या चांगल्या बातमीवर ही रडते का. ते तिला समजावत राहिले, "अगो, सापडला ना. मी नाय हरवला."

त्या चैत्रात ते गेले. आईनंच जाऊ दिलं, नारळ स्वतः बांधून दिला, एवढंच म्हणाली की वनी मागून येईल. मी दुकानात जायची त्यांची काळी सायकल काढली आणि घाटात बहुतेक वेळ ती ढकलतच त्यांच्या मागे गेले. निळ्या सायकलीवर ते पुढे, दर वळणाला थांबून मला शिव्या घालत. पोचलो तेव्हा टेम्पो येऊन तास झाला होता, आणि "इतका उशीर?" आम्हाला गावानं विचारलं.

त्यानंतर बाबांनी पुष्कळ काही हरवलं. आधी चष्मा, मग दुकानाच्या किल्ल्या, मग पनवेलहून नेऱ्याला यायचा रस्ता, लोहाराची गोष्ट, आणि अगदी शेवटी माझं नाव. दर वेळी ते आधी घाबरायचे, मग घरात जी कुणी मुलगी समोर असेल तिच्याकडे, म्हणजे माझ्याकडे, मोठ्या आशेनं बघायचे. "तूच घेतलास ना गो?" विचारायचे.

"होय बाबा," मी म्हणायचे. "मीच घेतला."